घरची बोली व शाळेची भाषा

दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आमच्या शाळेंतील मुलांना तिचा अनुभव घेण्यासाठीं बारा कोस चालावें लागत नाहीं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें आगगाडीच्या एकाच मार्गावर, चार कोसांच्या आंत वसलेलीं आहेत. आणि तेवढ्या अंतरांत सिंधी, आगरी, कोळी, ठाकरी, कातकरी, देशावरची मराठी, कोंकणची मराठी, हिंदी व गुजराती इतक्या भाषा व बोली कानांवर पडतात. एवढें भाषाधन थोड्याच गांवांच्या वांट्यास आलें असेल.

परंतु तें धन आहे हें आपण पुष्कळदां ओळखीत नाहीं. वर्गांत एखादा मुलगा सहज "गारी आली" असें बोलून जातो. शेजारचीं मुलें हंसतात. तो ओशाळतो, आणि पुढें कित्येक दिवस वर्गांत तोंड उघडीत नाहीं. घरीं गेल्यावर तो आजीला म्हणतो, "असें बोलूं नको, लोक हंसतात." एका शब्दावरून झालेल्या हंशानें मुलगा शाळेंत मुका होतो आणि आजी घरांत मुकी होते. हें नुकसान लहान नाहीं. म्हणून शब्दांचे अर्थ, उच्चार आणि भाषा बदलतात तरी कशा, आणि त्या बदलास बिघाड म्हणणें कितपत न्यायाचें आहे, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम शब्दांच्या अर्थाकडे पाहूं. "राग" या संस्कृत शब्दाचा अर्थ रंग, आसक्ति, प्रीति असा होता. "रागद्वेष" या जोडशब्दांत तो अजून टिकून आहे. मराठींत मात्र राग म्हणजे संताप झाला. ज्या शब्दानें पूर्वीं प्रेम सांगत, त्यानें आज आपण क्रोध सांगतों. "शिक्षा" या शब्दाचीहि तीच गोष्ट. वेदांच्या सहा अंगांपैकीं शुद्ध उच्चार शिकविणाऱ्या शास्त्राचें नांव शिक्षा. हिंदींत शिक्षा म्हणजे अजूनहि शिकविणें. मराठींत शिक्षण निराळें झालें आणि शिक्षा निराळी. म्हणून "शिक्षा विभाग" अशी हिंदी पाटी वाचून मराठी मुलाच्या डोळ्यांपुढें छडी उभी राहते. "कादंबरी" हें सातव्या शतकांतील बाणभट्टानें आपल्या गद्यकाव्याच्या नायिकेस दिलेलें नांव. एकोणिसाव्या शतकांत जेव्हां मराठींत नव्या तऱ्हेच्या दीर्घ कथा लिहिल्या जाऊं लागल्या, तेव्हां एका नायिकेचें नांव त्या साऱ्या साहित्यप्रकाराचें नांव झालें. बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची "यमुनापर्यटन" ही मराठींतील पहिली कादंबरी मानतात, ती इ. स. १८५७ मध्यें प्रसिद्ध झाली.

अर्थ जसा काळाप्रमाणें बदलतो, तसा तो स्थळाप्रमाणेंहि बदलतो. "आगर" हा शब्द ठाण्याच्या खाडीकांठीं उच्चारला, तर मीठ पिकविण्याची जागा डोळ्यांपुढें येते. आगरी हें नांव त्यावरूनच पडलें, असें सांगतात. तोच शब्द रत्नागिरीकडे उच्चारला, तर नारळी-पोफळींची बाग दिसते. आणि ग्रंथांत "गुणांचें आगर" असें आढळलें, तर सांठा किंवा खाण असा अर्थ घ्यावा लागतो. तिन्ही अर्थ खरे आहेत. एकानें दुसऱ्याला खोटें म्हणण्याचें कारण नाहीं.

परक्या भाषांतून आलेले शब्दहि असेच घरचे होऊन बसतात. वसईच्या बाजूस पोर्तुगीजांचा अंमल इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. तो अंमल गेला, पण पाव, चावी, पगार, बटाटा, घमेलें, पाद्री आणि नाताळ हे शब्द राहिले. आज बाजारांत बटाटे घेणाऱ्या कोणाच्या मनांत आपण पोर्तुगीज बोलत आहों असें येतें काय? अंबरनाथला गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आगपेट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि "विम्को" हें त्याचें नांव तेथील नाक्यास मिळालें. त्या एका पेटीला कोणी आगपेटी म्हणतो, कोणी काडेपेटी, कोणी माचिस. "माचिस" हें इंग्रजी "मॅच" शब्दाचें अनेकवचन आपण एकवचन करून घेतलें. तो इंग्रजी शब्दहि जुन्या फ्रेंच भाषेंतला; त्याचा अर्थ दिव्याची वात. वातीपासून काडीपर्यंत आणि काडीपासून पेटीपर्यंत त्या शब्दाचा हा प्रवास झाला आहे.

पण आमच्या भागांतील सर्वांत बोलका शब्द "कॅम्प" हा होय. लॅटिन भाषेंत "काम्पुस" म्हणजे मोकळें मैदान. मैदानांत सैन्याचा तळ पडे, म्हणून फ्रेंच व इंग्रजी भाषांत त्या शब्दाला छावणी असा अर्थ आला. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ अशीच एक लष्करी छावणी उभारली गेली. इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून घरदार सोडून आलेल्या सुमारें एक लाख लोकांस त्या ओस पडलेल्या बराकींत आसरा मिळाला, आणि कॅम्प म्हणजे निर्वासितांची वस्ती झाली. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्याचें नांव उल्हासनगर ठेवण्यांत आलें. तरी लोकांच्या तोंडीं कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार हेंच राहिलें. पत्त्यांवर बराकींचे आंकडेहि राहिले. आज तेथील मूल "मी कॅम्पांत राहतों" असें म्हणतें, तेव्हां त्याच्या मनांत तोफा नसतात आणि तंबूहि नसतात. त्याच्या मनांत घर असतें. ज्या शब्दाचा अर्थ "कांहीं दिवसांचा मुक्काम" असा होता, त्याचा अर्थ "कायमचें घर" असा करून दाखविणें हें त्या कष्टाळू लोकांचेंच काम. कोशकारानें पुढें तो फक्त लिहून ठेवावयाचा.

आतां उच्चारांकडे वळूं, कारण हंसूं येतें तें बहुधा उच्चारांनाच. आगरी बोलींत गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो, थोड्याचा थोरा होतो. पण शब्दाच्या आरंभींचा ड जागचा हलत नाहीं. डोंगर हा डोंगरच राहतो, आणि डोळ्याचा डोला होतो, रोला कधींच होत नाहीं. म्हणजे येथें गोंधळ नाहीं, नियम आहे. दोन स्वरांच्या मध्यें ड आला, म्हणजे जीभ टाळूवर टेंकून थांबत नाहीं. ती चाटून जाते. आमच्या बालमित्रांनीं "डबा" आणि "घोडा" हे शब्द सावकाश उच्चारून पाहावे. दोन्ही ठिकाणचा ड एकसारखा नाहीं, हें पुस्तकी मराठी बोलणाऱ्यासहि जाणवेल. आगरी बोली त्याच वाटेनें एक पाऊल पुढें गेली, इतकेंच.

आणि पुस्तकी मराठीनें तरी दुसरें काय केलें? संस्कृतांतील "षोडश" या शब्दाचें आपण सोळा केलें, "गुड" शब्दाचें गूळ केलें, "तडाग" शब्दाचें तळें केलें. दोन स्वरांमधील ड आपण ळ करून टाकला. आगरी बांधवांनीं उरलेल्या ड चा र केला. जो "गूळ" म्हणतो त्यानें "गारी" म्हणणाऱ्यास हंसावें, हें चाळणीनें सुईला नांवें ठेवण्यासारखें आहे.

उच्चारावरून माणसाची परीक्षा घेण्याचा परिणाम कोठवर जातो, याची एक भयंकर गोष्ट पवित्र शास्त्रांत आहे. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत, गिलादी लोकांनीं यार्देन नदीचे उतार अडवून पळून जाणाऱ्या प्रत्येकास "शिब्बोलेथ" हा शब्द म्हणावयास लावलें. एफ्राइमी लोकांच्या जिभेस तो श येत नसे. ते "सिब्बोलेथ" म्हणत. तेवढ्यावरून त्यांस ओळखून ठार केलें. त्या वेळीं एफ्राइमांचे बेचाळीस हजार लोक पडले, असें तेथें लिहिलें आहे. दोन्ही पक्ष एकाच पूर्वजाचे वंशज होते, आणि भाषाहि एकच होती. वर्गांतील हंसणें इतकें भयंकर नाहीं हें खरें. पण नदीच्या उतारावर उभें राहून "म्हणून दाखीव" म्हणणाराची वृत्ति त्यांत थोडी तरी आहेच.

शेजाऱ्याची भाषा नीट ऐकली, तर आपल्याच घरांतली हरवलेली वस्तु तेथें सांपडते. सिंधी भाषेंत हाताला हथु, कानाला कनु, नाकाला नकु म्हणतात. शेवटचा उकार अगदीं ऱ्हस्व, ओझरता असतो. मुळांत प्राकृतांत हत्थ, कण्ण, नक्क असे शब्द होते. मराठीनें जोडाक्षर मोडलें आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबविला: हात, कान, नाक. सिंधीनें स्वर आंखूडच ठेवला, आणि शेवटचा उकार सांभाळला. हा उकार आपल्याला परका आहे काय? शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरी उघडून पाहावी. तेथें ग्रंथु, जीवु, हातु अशीं रूपें जागोजाग दिसतील. सातशें वर्षांपूर्वीं जो उकार मराठी माणसाच्या तोंडीं होता, तो आज कॅम्पांतील सिंधी आजीच्या तोंडीं ऐकूं येतो.

संख्यांतहि तसेंच. हिंदींत दस, पण मराठींत दहा आणि सिंधींत डह. संस्कृतांतील "दश" मधला श दोघांनींहि ह केला. दोनाला सिंधींत ब म्हणतात. हे ड व ब ते आंत ओढल्यासारखे उच्चारतात. गुजरातींत बे. आपण दोन म्हणतों खरें, पण पाढा म्हणतांना "बे एके बे" असेंच म्हणतों, आणि बारा, बावीस, बेचाळीस यांतहि तो जुना ब दडून बसला आहे. इतिहासाच्या पुस्तकांतील मोहन-जो-दडो या नांवांतला "जो" हा आपल्या "चा" या प्रत्ययाचें काम करतो. मेलेल्यांचा ढिगारा असा त्या नांवाचा अर्थ सांगतात.

येथें कोणी विचारील कीं, बोलींचा एवढा कैवार घेतां, मग मूळ शुद्ध भाषा ती कोणती? हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत "गौः" या एका शुद्ध शब्दाचे लोकांच्या तोंडचे अपभ्रंश दिले आहेत. त्यांत "गावी" असा एक आहे. अपभ्रंश म्हणजे खालीं पडलेला शब्द. पुढें काय झालें? शुद्ध "गौः" पोथींत राहिला. आणि खालीं पडलेल्या "गावी" ची वंशज आपली गाय आज गोठ्यांत उभी आहे.

आमच्या जिल्ह्यांतील दगडहि हीच साक्ष देतात. मुरबाडहून जुन्नराकडे चढणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा प्राकृत लेख आहे, आणि तेथील कोरलेल्या नांवांत "महारठि" हा शब्द आढळतो. अंबरनाथच्या शिवमंदिरांत शिलाहार राजा मुम्मुणि याच्या वेळचा शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. त्याची भाषा संस्कृत. राजाची भाषा ती होती. पण दगड घडविणाऱ्या पाथरवटांची बोली दुसरीच असली पाहिजे. कारण त्याच अकराव्या शतकांत, त्याच शिलाहारांच्या राज्यांत मराठीहि दगडावर उमटूं लागली होती. अलिबागेजवळ आक्षी येथील मराठी लेख शके ९३४ चा मानला जातो. बाजारांतली बोली हळूहळू दगडावर आली, दगडावरून पोथींत आली, आणि ज्ञानेश्वरीनंतर तीनशें वर्षांच्या आंत तीहि इतकी बदलली, कीं शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांस त्या ग्रंथाचे पाठ शोधून शुद्ध प्रत तयार करावी लागली. इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत भारत सरकारनें जिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, ती मराठी एके काळीं "प्राकृत जनांची बोली" म्हणूनच ओळखली जात होती.

मग शाळेंत एकच प्रमाणभाषा कां शिकवितात, असा उलट प्रश्न येईल. त्याचें उत्तर सोपें आहे. बदलापूरचा मुलगा, नागपूरची मुलगी आणि बेळगांवचा दुकानदार यांस एकमेकांचें लिहिलेलें समजलें पाहिजे. त्यासाठीं एक सामाईक रस्ता हवा. हा रस्ता बांधण्यांत मिशनऱ्यांचा व इंग्रज पंडितांचा वांटा मोठा आहे. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांत छापलें गेलें. विल्यम कॅरी यांनीं श्रीरामपुराहून इ. स. १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण आणि १८१० मध्यें कोश काढला. मोल्सवर्थ व कँडी बंधु यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्यें निघाला. पुढें शाळाखात्याचीं पुस्तकें पुण्याकडील शिष्टांच्या वळणानें लिहिलीं गेलीं, आणि तें वळण प्रमाण ठरलें. म्हणजे प्रमाणभाषा हीहि मुळांत एक बोलीच; तिला छापखाना व शाळा लाभली, हें तिचें भाग्य.

आणि तीहि स्थिर नाहीं. या लेखांत वाचकांस "नाहीं", "कांहीं", "तें", "केलें" अशा शब्दांवर अनुस्वाराचीं टिंबें दिसलीं असतील. हें जुनें वळण आम्हीं मुद्दाम ठेविलें आहे. इ. स. १९६२ मध्यें सरकारनें मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांनीं हीं न उच्चारलीं जाणारीं टिंबें काढून टाकिलीं. विद्यार्थ्यांनीं परीक्षेंत नवे नियमच पाळावे. परंतु हीं टिंबें निरर्थक नव्हतीं. एके काळीं ते स्वर नाकांतून उच्चारले जात, आणि कोंकणी भाषेंत तसे उच्चार अजूनहि ऐकूं येतात. आजोबांचें शुद्धलेखन नातवाला अशुद्ध दिसतें. पण आजोबा चुकले नव्हते, आणि नातूहि चुकत नाहीं.

बदलाचें भय बाळगूं नये. विसरण्याचें मात्र बाळगावें. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयींचा सातवा खंड इ. स. १९०५ मध्यें निघाला. त्यांत आगरी, कोळी, ठाकरी, कातकरी या बोलींचे नमुने टिपून ठेविलेले आहेत. खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून कातकऱ्यांस तें नांव पडलें. धंदा जवळजवळ बुडाला, पण नांवानें त्याची आठवण ठेविली. ही बोलीच गेली, तर रानांतल्या झाडांचीं, पांखरांचीं, माशांचीं जीं नांवें तिच्यांत आहेत, तीं दुसऱ्या कोणत्या कोशांत शोधावयाचीं? सिंधी भाषेस इ. स. १९६७ मध्यें राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. तरी अरबी वळणाच्या लिपींत लिहिलेली आजोबांची वही उघडून ती वाचूं न शकणारे नातू उल्हासनगरांत पुष्कळ आहेत. मराठी घरांनीं त्यांस हंसूं नये. आपल्या पणजोबांचे मोडी कागद आपल्याला तरी कोठें वाचतां येतात?

पालकांस आमचें सांगणें असें कीं, मूल शाळेंत मागें पडेल या भीतीनें घरची बोली बंद करूं नये. घरीं मनमोकळें बोलणारें मूल शाळेची भाषाहि लवकर आत्मसात करतें. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करावी, असें आपल्या राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमांत इ. स. १९५६ पासून लिहिलेलेंच आहे. विद्यार्थ्यांनीं प्रमाणभाषा मन लावून शिकावी. अर्ज, परीक्षा, वर्तमानपत्र व सभा यांचें काम तिच्यावांचून चालत नाहीं. पण घरीं जातांना तिला देवडीवर उभी करून आजीशीं आजीच्याच बोलींत बोलावें. रविवारचे वस्त्र असतें, म्हणून कोणी रोजचें वस्त्र फेंकून देत नाहीं.

शेवटीं एक काम सुचवितों. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक कोरी वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आंखावे: शब्द, अर्थ, गांव आणि सांगणाराचें घरांतील नातें. भात लावतांना, मासे पकडतांना, भाकरी थापतांना, पापड लाटतांना वडील माणसें जे शब्द वापरतात, ते जसे ऐकूं येतील तसे लिहावे, सुधारूं नयेत. रोज पांच शब्द लिहिले, तरी महिन्याचे दीडशें होतील. शाळा उघडल्यावर त्या वह्या वर्गांत मोठ्यानें वाचाव्या. "गारी" हा शब्द ज्याच्या वहींत असेल, त्यानें तो सर्वांच्या आधीं वाचावा, आणि इतरांनीं आपल्या वहींत उतरून घ्यावा, एवढी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.